टरफल कुठवर गेलं

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरात माझ्या फुंकरीला भाव येतो. एरवी मला विचारतात ते जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच. पण संत तुकाराम नगरातल्या आमच्या गॅलरीत सकाळचं धुकं उतरायला लागलं, समोरच्या इमारतीतली माणसं कानटोप्या घालून दूध आणायला निघाली, की माझी नात सई प्लॅस्टिकची एक नळी घेऊन पलंगापाशी हजर होते. "आज्जी, उभी राहा. मोठा श्वास घे. आता एकदम फुंक. कंजूषपणा नको हं." मी फुंकते. नळीवरचा काटा सर्रकन पळतो आणि कुठेतरी थांबतो. हिरव्या पट्ट्यात थांबला तर सई खूश. पिवळ्यात थांबला तर तिच्या कपाळाला आठी आणि माझ्या हातात औषधाचा पंप. तांबड्यापर्यंत गोष्ट जाऊच द्यायची नाही, असा तिचा खाक्या आहे.

"आज्जी, तुला त्रास व्हायच्या आधी या नळीला कळतं," असं ती मला दरवर्षी नव्यानं समजावते. मी शहाण्यासारखी मान हलवते आणि पदराआड हसते. अगं, हे मला सासरी, निघोज्याच्या ओसरीवर भुईमुगाच्या एका टरफलानं शिकवलंय. तेव्हा तुझा बापसुद्धा जन्माला यायचा होता.

तो काळ पन्नाससालानंतरचा. पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि चाकणला कारखाना म्हणावा असा एक तेलाचा घाणा होता, बस्स. आज निघोज्याच्या शिवारात कंपन्यांच्या निळ्या पत्र्यांच्या शेड दिसतात. तेव्हा तिथे बाजरी, हुलगा, मटकी आणि कांदा होता. थंडीत इंद्रायणीवरून असा गारवा यायचा की गुरंसुद्धा एकमेकांना चिकटून उभी राहायची. त्या गावात मी वैशाखात लग्न होऊन गेले. माहेर माझं सांगवीचं. मी सातवी पास होते, बोलायला फटकळ होते आणि लहानपणापासून मला दमा होता. वडिलांनी तो लपवला नाही. सोयरीक ठरताना त्यांनी स्पष्ट सांगितलं की पोरीला थंडीत जरा धाप लागते. आता 'जरा' हा शब्द त्यात त्यांच्या मायेनं घुसला, त्याला कोण काय करणार!

पहिली थंडी आली तीच बाजरीच्या मळणीबरोबर. खळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. शेणानं सारवलेली ओली जमीन, बैलांच्या अंगाची ऊब, चुरडलेल्या कणसांचा कोरडा गोडसर वास. हा वास मला मनापासून आवडायचा आणि तोच माझ्या जिवावर उठायचा. उफणणीला एक जण उंच तिपाईवर उभा राहून पाटीतलं धान्य वाऱ्यावर सोडतो. दाणा सरळ खाली पडतो, भूस पुढे उडून जातं. खाली दाण्याच्या राशीपाशी एक बाई केरसुणी घेऊन वर राहिलेलं भूस हलक्या हातानं झाडत असते. ही झाडायची जागा नव्या सुनेची, असा रिवाज होता. काम हलकं, आणि वडीलधाऱ्यांच्या देखत मान खाली घालून करायचं, म्हणून. वारा मात्र सगळी धूळ आणून नेमकी तिथेच ओतायचा.

तिसऱ्याच दिवशी माझ्या छातीला आतून कुणीतरी कडी घातली. मी केरसुणी टाकली आणि गुडघ्यांवर हात टेकून बसले. गळ्यातून अशी शिट्टी यायला लागली की शेजारच्या खळ्यावरची माणसंही वळून बघायला लागली. सगळे भोवती जमले आणि एकच सांगायला लागले, "पोरी, श्वास घे. घे की श्वास!" अहो, मी घेतच होते. घेतलेला ठेवायला आत जागा नव्हती, पण हे सांगायलासुद्धा श्वासच लागतो.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आक्कांना, मी आजही रोज आठवते. काळ्यासावळ्या, धिप्पाड, हसल्या की सगळं अंग हसायचं. त्यांनी मला लेकरासारखं उचलून ओसरीवर आणलं आणि मी मोकळी होईपर्यंत पाठ चोळत बसल्या. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, की कुणाला दोषही दिला नाही. थोड्या वेळानं माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "संक्रांतीपतूर बघू. न्हाई उतार पडला तर तिच्या भावासंगं धाडून दे. परक्याची लेक माझ्या दारात जायला नगं."

त्या वाक्यात दुष्टपणा नव्हता, भीती होती. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळलं की संक्रांतीला भाऊ न्यायला येईल आणि आणायला कुणी येणार नाही. चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आलेल्या आणि मग जन्मभर तिथेच भाकऱ्या बडवत राहिलेल्या बायका मी सांगवीत पाहिल्या होत्या. आणि मला जायचं नव्हतं. मला आक्का हव्या होत्या, ते खळं हवं होतं, आणि सायकलच्या दांडीला टांगून माझ्यासाठी गुपचूप बोरं आणणारा नवराही हवा होता. सतरा-अठराव्या वर्षी माणूस ज्या घरात रुजायला लागतं, तिथून उपटून निघण्याची भीती फार मोठी असते हो.

मग मला जपायला सुरुवात झाली. आक्कांनी माझी खळ्यावरची केरसुणी स्वतः घेतली आणि चुलीपुढची आपली जागा मला दिली. "तू भाईर पाऊल टाकू नगं. वारं लागंल. हितं उबीला बस अन् निवांत भाकरी थाप." स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. गार वारा येऊ नये म्हणून दार लोटलेलं. चुलीत गोवऱ्या आणि दवानं ओलसर झालेल्या तुरकाट्या. मळणीच्या माणसांच्या भाकऱ्या म्हणजे चूल सकाळी पेटली की दुपार कलेपर्यंत विझायची नाही. शिवाय दिवेलागणीला आत्याबाई निखाऱ्यांवर ओवा टाकून माझ्या डोक्यावरून गोधडी पांघरायच्या आणि म्हणायच्या, "घे, आत वढून घे, छाती मोकळी हुईल." मी ओढून घ्यायची. त्या धुरात माझे डोळे वाहायचे आणि बाहेर आक्का म्हणायच्या, "निघतंय बघा, निघतंय सारं."

इतकी माया मला त्याआधी कुणी केली नव्हती आणि इतकी आजारीही मी त्याआधी कधी पडले नव्हते. जितकी जास्त बिघडत गेले तितकं दार घट्ट लागत गेलं. शेवटी ओसरीच्या दोन पायऱ्या चढायच्या तर मध्ये थांबावं लागायला लागलं. तेव्हा ह्यांनी कुणाला न विचारता बैलगाडी जुंपली. आक्का माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि आम्ही चाकणला निघालो.

बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या गोण्या, मिरचीचे ढीग, बैलांची दाटी. डॉक्टरांचा दवाखाना पेठेत, एका दुकानाच्या माडीखाली होता. त्यांचं नाव मी विसरले, याची मला फार चुटपुट लागते. जाड भिंगांचा चष्मा आणि टेबलावर कागदात शेंगा, एवढेच ते मला दिसतात. त्यांनी नळी लावून छाती ऐकली आणि दंडात इंजेक्शन दिलं. हात थरथरले, काळीज धडधडलं आणि हळूहळू छातीची ती कडी निघाली. मी रडले. श्वास यायला लागला की रडता येतं.

आक्कांनी येतानाच बाजारातून नवी लोखंडी फुंकणी घेतली होती, चुलीची. ती त्यांच्या हातातच होती. डॉक्टरांनी ती मागून घेतली, डोळ्याला लावून आरपार पाहिली आणि म्हणाले, "फुंका बरं यातून." आक्कांनी फुंकली. मग त्यांनी ओला कापूस आतल्या बाजूनं लावून नळी अरुंद केली. "आता फुंका." आक्कांचे गाल फुगले, डोळे मोठे झाले आणि फुंकणीतून बारीक शिट्टी निघाली.

"हे हिचं दुखणं," डॉक्टर म्हणाले. "छातीत अशाच नळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या, बारीक बारीक होत गेलेल्या. धूळ, धूर, गारठा लागला की हिच्या नळ्या आतून सुजतात, बाहेरून आवळतात आणि मधे चिकट कफ धरतो. हवा आत ओढून घेता येते, पण बाहेर सोडताना नळ्या आणखी दबतात. जुनी हवा आत अडकून पडते. मग नवीला जागा कुठली?"

आक्कांनी फुंकणी उलटसुलट करून पाहिली. "म्हंजी जुनं पाव्हणं घरात ठाण मांडून बसल्यालं अन् नवं दारात ताटकळतंय, असंच का?"

"अगदी असंच," डॉक्टर हसले. "ही दिवसभर करते काय?"

आक्कांनी अभिमानानं सगळं सांगितलं. बाहेर पाठवत नाही, चुलीपासून उठू देत नाही, दार लावून घेतो, सांजच्याला धुरी देतो. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता हे आक्कांना बोलणार. पण ते इतक्या हळू बोलले की त्या माणसाला मी अजून मनातल्या मनात नमस्कार करते. "बाई, तुम्ही हिला जपताय खऱ्या. पण धुरात जपताय."

आक्कांचा चेहरा पडला. घरी जाईपर्यंत त्या माझ्याकडे बघेनात. मीच त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि झोपून गेले. बऱ्याच दिवसांनी मला आडवं होता आलं होतं.

निघण्याआधी डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "दम लागला की तुम्ही हिला आणता. नळ्या त्याच्या आधीच आवळायला लागलेल्या असतात. तेव्हा हिला कळत नाही, तुम्हाला दिसत नाही. रोज सकाळी एकाच जागी बसवा आणि हिची फुंकर बघा." त्यांनी टेबलावरचं शेंगेचं एक टरफल उचललं, फुंकणीच्या तोंडाशी ठेवलं आणि मला फुंकायला लावलं. टरफल जेमतेम टेबलाच्या मध्यापर्यंत सरकलं. "बरी असेल तेव्हा हे कुठवर जातं ते लक्षात ठेवा. त्याच्या अलीकडे राहायला लागलं की मी देतोय त्या गोळ्या सुरू करा आणि विसावा द्या. फारच अलीकडे राहिलं तर वाट बघू नका, गाडी जुंपा."

आणि मग आमच्या ओसरीवर रोज सकाळी तो खेळ सुरू झाला. आक्कांनी जमीन सारवून गुळगुळीत केली. मी बरी झाल्यावर माझं टरफल जिथवर जायचं तिथे त्यांनी गेरूची रेघ ओढली, आणि बरीच अलीकडे चुन्याची. वाऱ्यानं फसवू नये म्हणून दार लावायचं, भिंतीला पाठ टेकून बसायचं, फुंकणी जमिनीला लावायची आणि एका दमात फुंकायचं. टरफल गेरूपार गेलं की आक्का "ग्येलं, ग्येलं!" करत टाळ्या वाजवायच्या. रेघांच्या मधे राहिलं तर गोळी, आणि त्या दिवशी मला जड काम नाही. एकदा कोंबडीच टरफल पळवून घेऊन गेली आणि ह्यांनी न हसता जाहीर केलं की आज टरफल पार परसापर्यंत गेलं. त्या दिवशी मी इतकी हसले की हसून खोकला आला, आणि तरी दम लागला नाही.

स्वयंपाकासाठी आक्कांनी परसात तीन दगडांची चूल मांडली. आतल्या चुलीवर आत्याबाई आमटी आणि दूध करायच्या. ह्यांनी आतल्या भिंतीला धुरासाठी झरोका पाडायचं काढलं तर त्यांनी साफ नाही म्हटलं. "घराला भोक पाडत्यात व्हय? गारठा यील, मांजर यील. माझा जलम ग्येला ह्याच घरात, मला न्हाई काय झालं." त्या खेळाकडेही त्या फिरकत नसत. सूप पाखडत पाठमोऱ्या बसायच्या. पण टरफल सरकल्याचा आवाज आला की सूप थांबायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

एका सकाळी मला नेहमीपेक्षा लवकर जाग आली. ओसरीवर कुणाची तरी चाहूल होती. बघते तर आत्याबाई भिंतीला पाठ लावून बसलेल्या, हातात फुंकणी, पदर खोचलेला. त्यांनी छाती भरून घेतली आणि फुंकली. टरफल थरथरलं, थोडं सरकलं आणि चुन्याच्या रेघेच्याही अलीकडे थांबलं. त्यांनी ते पुन्हा जागेवर ठेवलं. पुन्हा फुंकली. पुन्हा तिथेच.

मी दारात उभी आहे हे त्यांना दिसलं. मला वाटलं चिडतील. त्या टरफलाकडे बघत म्हणाल्या, "आजचं टरफल जड हाय."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग त्याच बोलल्या. चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागते, नदीवरनं घागर आणताना वाटेत दोनदा उतरवावी लागते, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. चूल आली म्हणजे धूर आला, धूर आला म्हणजे खोकला आला, त्यात सांगण्यासारखं काय! नव्या सुनेची शिट्टी साऱ्या गावानं ऐकली. त्यांचा श्वास असा गुपचूप कमी होत गेला होता की त्यांनासुद्धा एका टरफलानं सांगावं लागलं. त्यांचं दुखणं माझ्यासारखं झटक्यानं येणारं नव्हतं, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. उभ्या आयुष्याच्या धुरानं त्या नळ्या राठ झाल्या होत्या. पूर्ण बऱ्या होणार नाहीत, म्हणाले, पण धूर थांबवला तर आहे ते राखता येईल.

त्या सकाळी आत्याबाई उठल्या, गोठ्यातून पहार आणली आणि झोपलेल्या मुलाच्या उशाशी दणकन टेकवली. "ऊठ. पाड भोक."

झरोका पडला. पहिल्या दिवशी धूर त्यातून सरळ बाहेर जाताना बघायला आम्ही तिघी सासवा-सुना खुळ्यासारख्या माना वर करून उभ्या होतो. दुसऱ्या दिवशी त्यातून मांजर आलं आणि दूध पिऊन गेलं. आत्याबाईंनी सगळ्यांकडे अशी नजर टाकली की 'मी काय म्हटलं होतं?' पण झरोका बुजवला नाही.

खळ्यावर हुलग्याची उफणणी राहिली होती. त्यांनी तिथेही हुकूम सोडला. "तिपाईवर हिला चढवा. वारं पाठीला असतंय, धूळ फुडं जाती." पुरुषमंडळी चुळबुळली. नवी सून, तिपाईवर, सासऱ्याच्या डोक्यापेक्षा उंच! आत्याबाई म्हणाल्या, "लाज जिवापरीस मोठी हाय व्हय?" मग पुरुषच बाजूला सरले. आक्का खालून अर्धी-अर्धी पाटी देत होत्या आणि मी पदर घट्ट खोचून वाऱ्यावर हुलगा सोडत होते. पाठीवर वारा, पुढे लांबवर सोनेरी भूस उडतंय, आणि माझा श्वास येतोय, जातोय. मला त्या वेळी जे वाटलं त्याला कृतज्ञता म्हणतात हे नंतर कळलं. तेव्हा फक्त मोठ्यानं ओरडावंसं वाटलं होतं.

तरीही संक्रांत आलीच. आणि यायची तशी धुकं घेऊन आली. आदल्या दिवसापासून छाती जरा कुरकुरत होती. दादा सांगवीहून तिळगूळ घेऊन आला, ओसरीवर बसला, आणि नेमकं त्याच्या समोर त्या सकाळी माझं टरफल गेरूच्या अलीकडे राहिलं. मी बोचकं बांधून ठेवलं होतं. रडायचं नाही, असं ठरवलं होतं. आत्याबाईंनी टरफलाकडे पाहिलं, मग बोचक्याकडे, मग दादाकडे. आक्का दाराआडून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी पदराचं टोक दातात धरलं होतं.

"गोळी दे तिला," आत्याबाई आक्कांना म्हणाल्या. मग फुंकणी घेऊन स्वतः बसल्या आणि त्यांनी फुंकली. त्यांचं टरफल चुन्याच्या रेघेला जेमतेम टेकलं. तिथवर ते पहिल्यांदाच गेलं होतं. त्यांनी दादाकडे वळून बघितलं. "न्या सणाला. पर चार दिसांनी आणून सोडा. सकाळचं फुकाया मला जोडीला कोन हाय?"

दादाला यातलं काही कळलं नाही. मला सगळं कळलं. ठरवलेलं विसरून मी भर ओसरीवर आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडले, आणि त्या "अगं, दम लागंल, दम लागंल," म्हणत माझी पाठ चोळत राहिल्या.

पुढे हे पिंपरीच्या कारखान्यात लागले आणि आम्ही इकडे आलो. मी शाळेत शिकवायला लागले. आत्याबाई गेल्या, आक्का गेल्या, हेही गेले. निघोज्याचं ते घर पाडून पुतण्यांनी स्लॅबचं बांधलं. धुराचा झरोका आता कुणाला लागत नाही आणि तेच बरं आहे. औषधं इतकी चांगली निघाली की माझ्यासारखी बाई म्हातारी होऊ शकली. या सगळ्याचे आभार मानायला बसले तर दिवस पुरायचा नाही, म्हणून मी रोज थोडे थोडे मानते. सकाळी पहिला श्वास सहज बाहेर पडला की एक नमस्कार आक्कांना, एक आत्याबाईंना, एक त्या शेंगा खाणाऱ्या डॉक्टरांना.

आज सकाळी धुकं दाट होतं. सई नळी घेऊन आली. मला फुंकायचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर काटा कुठे थांबेल याची थोडी भीतीही वाटत होती. त्या सकाळी आत्याबाईंना वाटली असेल तशीच.

"आज्जी, फुंक ना."

"आधी तू फुंक," मी म्हटलं. "जोडीला कुणी असलं की लांब जातं."

ती हसली. नळीचं तोंड बदलून तिनं फुंकली आणि काटा पार शेवटाला नेऊन ठेवला. मग तिनं तो मागे सरकवला, तोंड पुन्हा बदललं आणि नळी माझ्या हातात दिली. मी उभी राहिले, पाठ भिंतीला टेकली आणि फुंकली.